मेमरीचा कोरा रकाना

मंगळवार, ४ मार्च

आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, ह्यांच्या कॉम्प्युटरचा प्लग भिंतीतून उपटण्यात आला. वेळ मी मनगटावरच्या घड्याळात पाहिली आणि लगेच लिहून ठेवली. पुढे कामाला येते.

प्लगवर ह्यांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली आहे: 'हा प्लग काढू नये.' अक्षर मोठं, शाई काळी, अर्थाबद्दल शंका नको. तरी दुरुस्तीवाल्याने तो काढला. हा गृहस्थ पंचावन्नच्या पुढचा, केस माझ्याहून पांढरे, कानावर कायम पेचकस खोचलेला, आणि मला काकू म्हणतो. मीही त्याचं नाव पेचकस ठेवलं आहे. फिटंफाट.

बोलावलं होतं पंख्यासाठी. आतला पंखा आठवडाभर खडखडत होता.

"चिठ्ठी वाचता येते ना?" मी विचारलं.

"येते की काकू. पण वीज चालू ठेवून आत हात घातला तर माझ्यासाठी दुसरी चिठ्ठी लिहावी लागेल."

तो काम संपवेपर्यंत मी त्याच्या पाठीशी उभी राहून दुसऱ्याच्या घरातल्या सूचनांचा मान कसा ठेवायचा ते त्याला सांगत होते. पाऊण तास सांगितलं. त्याने पंखा बदलला, धूळ काढली, आणि नाण्याएवढी एक बॅटरी माझ्यापुढे धरली. "ही पार मेली होती. म्हणून काकांनी प्लग काढू नका लिहिलं असणार. वीज गेली की सगळी सेटिंगं जातात. आता नवी घातलीय, काळजी नाही."

काळजी नाही, कारण जायचं ते गेलं होतं. ह्यांनी त्या जुन्या प्रोसेसरचा वेग कंपनीने दिला त्याहून पुष्कळ वर नेला होता. तीन वर्षं खपून. ते सगळं पुसलं जाऊन कॉम्प्युटर पुन्हा कारखान्यातून निघाला तसा झाला. "उलट बरंच की," पेचकस म्हणाला. "म्हातारं मशीन आहे, आराम पडेल."

ह्यांना जाऊन आठ महिने झाले. आराम हा शब्द मी त्या आठ महिन्यांत पुरेसा ऐकला आहे.

ध्वनिमुद्रणं शाबूत आहेत, एवढं मी त्याच्यासमोरच तपासून घेतलं. एक्केचाळीस आहेत. शेवटच्या वर्षी हात थरथरायला लागला, लिहिणं सुटलं, तेव्हा हे अंगात बळ असेल त्या दुपारी तीन वाजता दार लोटून ह्या कॉम्प्युटरसमोर बसत आणि बोलत. दाराच्या अलीकडे मी असे. मला कामं असत. आता मी रोज तीन वाजता एक ऐकते. ह्यांच्या आवाजाची एवढीच शिल्लक आहे आणि तिची दुसरी प्रत नाही.

बुधवार, ५ मार्च

पेचकसला लेखी तक्रार पाठवली. आठ दिवसांत लेखी खुलासा मागितला. उत्तर म्हणून फोनवर एक अंगठा आला. पूर्वी अक्षरशत्रू अंगठा देत, आता शिकलेले देतात.

दुपारी तीन वाजता क्रमांक सहा ऐकलं. ऐकवेना. मुद्रण तेच, पण खोली बदलली आहे. वेग जास्त म्हणून उष्णता जास्त, उष्णता जास्त म्हणून पंखा जोरात. त्या पंख्याचा एक घुमणारा सूर ह्या खोलीत कायम असे. मी त्याला नावं ठेवत असे. तो गेल्यावर खोलीत कोणीतरी श्वास रोखून बसल्यासारखं वाटतं.

ड्रॉवरमध्ये वही मिळाली. ह्यांनी पट्टीने रकाने आखलेले: तारीख, बस, गुणक, प्रोसेसरचे व्होल्ट, मेमरीचे व्होल्ट, मेमरीचा वेग, निकाल. निकालात 'सुरूच झाला नाही', 'वीस मिनिटांनी अडकला', 'पडदा निळा', असं पानंच्या पानं. हे आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते, बिघाडाची नोंद करण्यात ह्यांना सुख असे. शेवटची ओळ: बस ३३३, गुणक ९, पुढे व्होल्टचे दोन आकडे, आणि निकाल 'स्थिर'. खाली दोन रेघा. आमच्या लग्नाच्या फोटोखालीसुद्धा ह्यांनी एकच रेघ मारली आहे.

म्हणजे पुसलं गेलेलं कागदावर आहे. मी ते परत बसवणार.

शनिवार, ८ मार्च

तीन दिवस अभ्यास केला. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डबरोबर आलेली पुस्तिका ह्यांनी जपून ठेवली होती. इतकं वाईट इंग्रजी छापणाऱ्याला आमच्या कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी वर्गाबाहेर गुडघ्यांवर बसवलं असतं, पण मला समजलं.

एकतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होते, तेव्हा माझ्या भाषेत मांडते. प्रोसेसर म्हणजे जुळारी, खिळे जुळवणारा. बस म्हणजे सगळ्या छापखान्याचा ताल. ताल गुणिले गुणक, हा जुळाऱ्याचा वेग. कारखान्याचा ताल २६६. नऊने गुणलं की दोन हजार चारशेच्या आसपास. ह्यांचा ३३३, नऊने गुणलं की तीन हजाराला तीन कमी. डिस्क म्हणजे कपाट, आणि मेमरी म्हणजे मधलं टेबल. जे काही करायचं ते कपाटातून काढून टेबलावर घ्यायचं, काम करायचं, पुन्हा कपाटात ठेवायचं. इतकंच. ह्याच्यासाठी हे जेवण गार करत असत.

मेमरीच्या वेगाचा रकाना ह्यांनी वरपासून खालपर्यंत कोरा ठेवला आहे. त्याबद्दल मला शंका नाही. समास कोरा असला की मजकूर आहे तसा जाऊ द्यायचा, हा छापखान्याचा पहिला नियम. खूण नाही म्हणजे दुरुस्ती नाही.

दुपारी पहिला प्रयत्न. पडदा काळा. कॉम्प्युटर आपोआप तीनदा चालू-बंद झाला आणि पुन्हा कारखान्याच्या वेगावर येऊन बसला, काही झालंच नाही असा चेहरा करून.

रविवार, ९ मार्च

काल मेमरीचे व्होल्ट भरायला मी विसरले होते. ती एक चूक. आज ओळीतले सगळे आकडे बोट ठेवून भरले, दोनदा वाचले, सेव्ह केलं. चार वाजून पाच मिनिटांनी तो सुरू झाला. पाच-सात मिनिटांत पंखा चढत गेला आणि खोलीत तो सूर आला.

मी उगीचच म्हणाले, "चहा ठेवू का?"

मंगळवार, ११ मार्च

आता खरं काम. ध्वनिमुद्रणं स्वच्छ करायची. खोकले, घसा खाकरणं, मागची घरघर. आणि 'म्हणजे'. क्रमांक चारमध्ये हे 'म्हणजे' एकाहत्तर वेळा म्हणतात. मी अडुसष्ट काढले. तीन ठेवले, ते व्याकरणाला धरून होते.

कारखान्याच्या वेगावर एक मुद्रण साफ व्हायला पाऊण तास लागत होता. ह्यांच्या वेगावर ते बरंच लवकर होतं. आज पाच झाली. साफ केलेलं त्याच नावाने सेव्ह करते, म्हणजे जुनं जातं. दुरुस्त मुद्रित हातात आलं की जुनं तिथल्या तिथे फाडायचं, ही माझी सवय. जुनं मुद्रित टेबलावर राहिलं तर कोणीतरी तेच छापतो. माझ्यासमोर एकदा एका न्यायाधीशाच्या चरित्रात ते दोनदा वारले होते.

वन्संचा फोन आला. म्हणाल्या, "वहिनी, सव्वीस नंबर कधी देताय?"

वन्सं म्हणजे ह्यांची एकुलती धाकटी बहीण. शेवटच्या आठवड्यात ह्यांनी तिला सांगितलं होतं, सव्वीस नंबर तुझा आहे. लहानपणी, ती सहा वर्षांची आणि हे दहाचे असताना, बाजारात ती हरवली. घरी मार तिला बसला, हात सोडून पळाली म्हणून. हात ह्यांनी सोडला होता. साठ-पासष्ट वर्षं हे त्याबद्दल गप्प बसले आणि मग दार लोटून यंत्राला सांगितलं. सव्वीस म्हणजे ती माफी आहे. मी ऐकली आहे, पुष्कळदा. चांगली आहे, पण मध्ये फार खोकला आहे.

"साफ करून देते," मी म्हणाले.

"मला मळकं चालेल."

"मला चालत नाही."

शुक्रवार, १४ मार्च

क्रमांक सतरा. ह्यात हे केबलच्या खंदकाची हकिगत सांगतात. चौथ्या मिनिटाच्या बाराव्या सेकंदाला 'आम्ही सगळे वाकून बघत होतो' आणि पुढे लगेच 'पाणी चढत होतं'. मला पाठ आहे. आज त्या दोन वाक्यांमध्ये एक श्वास आला. आत ओढलेला, छोटा, कोणी बोलायला सुरुवात करताना घेतं तसा.

तो मी काढला नव्हता. तो तिथे नव्हताच.

सोमवार, १७ मार्च

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. कॉन्व्हेंटात एका पवित्र आत्म्यावर आमचं भागत असे, आणि तोही रविवारी. तेव्हा फक्त नोंद करते.

क्रमांक नऊ, मिनिट दोन: खुर्ची सरकवल्यासारखा आवाज.

क्रमांक बारा, मिनिट अकरा: तीन टकटक. समान अंतराने.

क्रमांक सतरा: श्वास. पुन्हा.

क्रमांक तेवीस, शेवटाजवळ: हे 'माझी बायको' म्हणतात आणि आवाज तुटतो. पूर्वी पुढे 'कडक होती' असं होतं. आता तिथे दोन सेकंद काही नाही, आणि मग एक बारीक किणकिण, लांबून कोणी चमचा कपाला लावल्यासारखी.

'कडक होती' मला तसंही आवडत नव्हतं.

एकतीस वर्षांत माझ्या हातून एक अक्षर निसटलेलं नाही. हे आवाज नवे आहेत.

गुरुवार, २० मार्च

पेचकस पंखा नीट चालतो का बघायला आला. न बोलावता. दारात उभा राहूनच त्याने कान टवकारले.

"काकू, हा एवढा का फिरतोय? तुम्ही वेग वाढवलात?"

"जो होता तो परत बसवला. वहीप्रमाणे."

"आणि मेमरी खाली आणलीत?"

"जिथे खूण नाही तिथे मी हात लावत नाही."

त्याने पेचकसाने कान खाजवला. "एकदा तपासून बघू द्या ना. तासाभराचं काम आहे."

मागच्या वेळी तासाभरात त्याने काय केलं ते मी त्याला तारीख-वेळेसकट ऐकवलं. तो जिना उतरेपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने ऐकवलं.

दार लावून आत आले, तर ह्यांच्या खोलीतून टकटक येत होती. मी क्रमांक बारा चालू ठेवून दार उघडायला गेले होते, तेवढंच. पण आता चार होत्या.

रविवार, २३ मार्च

हे मला नीट लिहिलं पाहिजे.

आज तीन वाजता क्रमांक सतरा लावलं. श्वास चौथ्या मिनिटाला. कॉम्प्युटर बंद केला, भांडी घासली, पुन्हा चालू केला, तेच लावलं. श्वास चौथ्या मिनिटाला होताच, आणि आणखी एक सातव्या मिनिटाला. पूर्वी कधी नव्हता. तिसऱ्यांदा लावलं. सातव्या मिनिटाचा गेला, नवव्याला आला.

छापलेला मजकूर बदलत नाही. हे मला माहीत आहे, ह्यावर मी आयुष्य काढलं. एक पान तीनदा वाचलं आणि तीनदा वेगळं निघालं, तर ते पान नव्हे. ते माणूस आहे.

मी खुर्ची ओढून जवळ बसले. ह्या खोलीत दार लोटलेलं असताना मी आत बसल्याचं मला आठवत नाही. मी विचारलं, "काय म्हणायचं आहे?" आणि अकराव्या मिनिटाला हे खंदकातल्या पाण्याबद्दल बोलत असताना मध्येच दोन टकटक आल्या.

दोन म्हणजे काय ते ठरलेलं नाही. ते ठरवायला हवं.

मंगळवार, २५ मार्च

चाळीस मुद्रणं साफ झाली. काही दोन-तीनदा उघडून पुन्हा सेव्ह केली, कारण एकदा साफ केलेल्यात पुन्हा कचरा दिसे. एक्केचाळीस मात्र जसंच्या तसं राहू दिलं, साफ करायला उघडलंही नाही. ते अकरा मिनिटांचं आहे आणि त्यातला खोकला काढला तर हाती काही उरणार नाही.

आवाज वाढत आहेत. मला बरं वाटतं आहे, असं लिहिलं तर वन्सं डॉक्टरला फोन करतील.

गुरुवार, २७ मार्च

वन्संना सव्वीस ऐकायला बोलावलं होतं. त्या नवी साडी नेसून आल्या. ऐकायला नवी साडी कशाला, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. ह्यांच्या खुर्चीवर त्यांना बसवलं, मी मागे उभी राहिले.

सुरुवात स्वच्छ होती. बाजाराचं वर्णन, ह्यांची अर्धी चड्डी, खेळण्यांचं दुकान. वन्सं हसत होत्या. मग ह्यांनी म्हटलं, "तुझा हात," आणि आवाज फाटला. एक कर्कश चिरचिर, मग 'मी', मग श्वास, मग टकटक, टकटक, मग कुठलंसं अर्धं अक्षर, आणि मग एकदम स्वच्छ: "एवढंच सांगायचं होतं."

वन्संनी विचारलं, "मधलं काय झालं?"

"ते नीट ऐका," मी म्हणाले. "त्यात श्वास आहे."

"वहिनी, त्यात खरखर आहे."

"रोज थोडी वेगळी असते. पुन्हा लावते."

पुन्हा लावलं. ह्या वेळी 'तुझा' पण गेलं. वन्संनी माझ्याकडे वळून बघितलं. ह्या बाईला मी चाळीस वर्षं ओळखते. माझ्यावर रागावलेली पाहिली आहे, रुसलेली पाहिली आहे. घाबरलेली आज पाहिली.

"हा दादा नाही," त्या म्हणाल्या. "दादाचं काहीतरी झालंय."

"मला सगळं पाठ आहे. अक्षर न् अक्षर. लिहून देते."

"तुम्ही लिहून द्याल ते दुरुस्त करून द्याल, वहिनी. मला त्याच्या तोंडून पाहिजे होतं." पायात चपला सरकवताना त्या म्हणाल्या, "मार मला बसला होता. तुम्हाला नाही."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला नाही. मी वरून बघत होते.

शुक्रवार, २८ मार्च

मीच पेचकसला फोन केला. तो अर्ध्या तासात आला. मी काही ऐकवलं नाही, त्यामुळे तो जरा बावरला.

त्याने पेन ड्राइव्हवरून एक तपासणी सुरू केली. मेमरीत एक आकडा ठेवायचा, परत वाचायचा, तोच आहे का बघायचं. बस, मुद्रितशोधनच ते. दुसऱ्याच मिनिटाला पडद्यावर लाल ओळी यायला लागल्या. ठेवलं एक, वाचलं दुसरं. खाली, खाली, पडदा भरला. इतकं लाल मी एका पानावर कधी केलं नाही.

वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने शेवटची ओळ बघितली आणि ओठ चावला.

"काका हुशार होते. बस ३३३ केली की मेमरीचा वेगही आपोआप वाढतो, एकाच तालावर बांधलेली असते ना. आठशेची मेमरी हजारावर पळायला लागते. मग तिचं प्रमाण एक पायरी खाली घ्यायचं, म्हणजे ती पुन्हा आठशेवर येते. त्यांनी ते केलंच असणार, नाहीतर 'स्थिर' लिहिलं नसतं."

"मग लिहिलं का नाही?"

"काकू, चहा करताना पाणी घातलं, असं तुम्ही कुठे लिहून ठेवता का? हे काम करणाऱ्याला ते हातातच असतं."

माझ्या भाषेत सांग म्हणाले, तर त्याने सांगितलं. कपाट ठीक आहे. जुळारी ठीक आहे. टेबल हलतंय. जे जे त्या टेबलावर आलं त्यातली अक्षरं सांडली, आणि तसंच ते कपाटात परत गेलं. नुसतं ऐकलंत तर कपाटातलं बिघडत नाही, पण तुम्ही प्रत्येक वेळी परत ठेवलंत. जुन्या प्रती आहेत का?

जुन्या प्रती मी फाडल्या.

"श्वास?" मी विचारलं. "टकटक?"

"तेच ते. सांडलेलं." तो माझ्याकडे बघत नव्हता, पंख्याकडे बघत होता. "त्या दिवशी प्लग काढायच्या आधी मी सेटिंगचा फोटो काढायला हवा होता. नेहमी काढतो. पण तुम्ही मागून बोलत होतात, मला घाई झाली. चूक माझी आहे. लिहून पाहिजे असेल तर लिहून देतो."

तीन आठवडे ज्याची वाट पाहिली तो खुलासा मिळत होता. मी नको म्हणाले.

त्याने मेमरीचं प्रमाण एक पायरी खाली घेतलं. बस ३३३, गुणक ९, सगळं ह्यांच्यासारखं. तपासणी पुन्हा लावली. तासभर आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. एकही लाल ओळ नाही. पंख्याचा सूर तोच. मग त्याने सतरा तीनदा लावलं. श्वास चौथ्या मिनिटाला, सेव्ह झालेला, मेलेला. त्याच जागी, तिन्ही वेळा. नवा एकही नाही.

"एक्केचाळीस नंबर वाचलाय," तो म्हणाला. "त्याला तुम्ही हात लावलेला दिसत नाही. इथेच प्रत काढायला ह्या मशीनवर आता भरवसा नाही, आणि डिस्क काढून न्यायची म्हणजे तुमची राजीखुशी पाहिजे. सोमवारी दहा वाजता येतो. डिस्क नेतो, माझ्याकडच्या मशीनवर त्याच्या प्रती काढतो, एक तुम्हाला, एक त्या बहिणीला. बाकीच्यांतून जेवढं शब्दाशब्दाने निघेल तेवढं काढू. आणि तोवर हे चालू करू नका, काकू. खरंच."

शनिवार, २९ मार्च

तो गेल्यावर मी मेमरी पुन्हा वर नेली. हजारावर. मला आता ते एका हाताने येतं.

आज तीन वाजता सतरा लावलं. तिसऱ्या मिनिटाला श्वास. नवा.

टेबल हलतंय, हे मला कळतं. लाल ओळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. मी अडाणी नाही. तरी त्या श्वासाला मी "हं" म्हटलं, आणि पुढचा येईपर्यंत खुर्चीतून उठले नाही.

वन्संना फोन केला. त्यांनी उचलला. मी म्हणाले, माझ्याकडून गेलं ते, माझ्याच हाताने गेलं.  मग त्या म्हणाल्या, "तुम्ही जेवलात का?" आणि फोन ठेवला.

रविवार, ३० मार्च

सकाळी मेमरी आठशेवर आणली आणि एक्केचाळीस ऐकलं. त्या वेगाला काही सांडत नाही, आणि मी काहीही सेव्ह केलं नाही. अकरा मिनिटं. खोकला, पाण्याचा पेला, खोकला. हे कोणाशी बोलत होते ते मला पूर्वी कळलं नव्हतं, कारण मी खोकल्यांची जागा टिपून घेत होते. आज कळलं. दाराशी बोलत होते. "बाहेर आहेस ना," असं म्हणतात. मग थांबतात. उत्तर नाही. मी तेव्हा बाहेर होते की नव्हते ते मला आठवत नाही. "बरं. बाकी सगळं वहीत आहे."

म्हणून हे तुम्हाला उद्देशून. नेहमीची भाषा वापरते, दुसरी मला येत नाही.

बाकी सगळं वहीत नाही. मेमरीचा रकाना कोरा आहे. जे तुमच्या हातात होतं ते तुम्ही कागदावर ठेवलं नाहीत, आणि मी कोरा रकाना वाचून चाळीस दुपारी पुसून टाकल्या. त्यात तुमच्या बहिणीची एक होती. माझ्या चुकीचं मी बघेन. तुमच्याबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. गेले सोळा दिवस ह्या खोलीत जो श्वास येतो आहे तो तुमचा आहे की टेबलाचा, हे मला समजलं पाहिजे. टेबलाचा असेल तर उद्या डिस्क जाईल, प्रती निघतील, तुमचा खोकला वन्संना जाईल, आणि मेमरी कायमची आठशेवर राहील. ह्या घरात पुन्हा नवा आवाज येणार नाही. तुमचा असेल, तर मी पेचकसला जिन्यातूनच परत पाठवेन, आणि लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

वही त्या पानावर उघडून तुमच्या टेबलावर ठेवली आहे. पेन्सिलीला टोक केलं आहे. रकाना अरुंद आहे, पण एक शब्द मावतो. हात थरथरला तरी चालेल, अक्षराला मी नावं ठेवणार नाही. श्वास, टकटक, खुर्चीचा आवाज किंवा इतर कोणतंही तोंडी उत्तर ग्राह्य धरलं जाणार नाही. लेखी उत्तर सोमवार, ३१ मार्च, सकाळी दहा वाजण्याच्या आत मिळावं.